उशीवरचं पान

ब्रश कसा धरायचा हे मला कुणी शिकवू नये! माझी बायको दातांची डॉक्टर आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी तिनं माझा हात धरला, तो प्रेमानं नव्हे. माझा ब्रश चुकीच्या कोनात होता म्हणून! तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ मी तिच्या देखरेखीखाली ब्रश चालवतोय. शिवाय आमच्या बाल्कनीचे गज मी स्वतः रंगवलेत. गजांबरोबर शेजारणीची वाळत घातलेली चादरही रंगली हे खरं आहे, पण त्यात दोष वाऱ्याचा होता.

तेव्हा बायकोच्या नव्या दवाखान्यातलं भिंतभर चित्र मीच काढून देईन असं मी जाहीर केलं, आणि बायकोनं व सासूबाईंनी एकमेकींकडे जे पाहिलं, ते मला मुळीच आवडलं नाही.

बायकोनं मोठ्या इस्पितळातली नोकरी सोडून स्वतःचा दवाखाना काढायला घेतला होता. खुर्ची आली होती, दिवे लागले होते, फक्त बाहेरच्या खोलीतली पेशंट बसतात तिथली भिंत कोरी होती.

"दातांच्या डॉक्टरकडे येणारा माणूस आधीच घाबरलेला असतो," ती म्हणाली. "त्याला समोर काहीतरी शांत दिसायला हवं. एक मोठं झाड, भरपूर पानं. मी एका चित्रकाराशी बोललेय."

"त्याला नको सांग! झाडाला लागतं काय? एक खोड आणि वर पानं! कॉम्प्युटरवर काढायचं, मोठ्या कागदावर छापायचं, भिंतीला चिकटवायचं!"

"अहो, तुम्ही लिफ्टची तपासणी करता."

"मग?"

"लिफ्टमध्ये झाडं नसतात."

या असल्या बोलण्यानंच माणूस पेटतो! ती आत गेल्याचं पाहून मी तिच्या फोनवरून चित्रकाराला 'नको' कळवून टाकलं.

आता एक गोष्ट मला तेव्हाही माहीत होती, ती सांगून ठेवतो. दवाखान्याचं उद्घाटन बायकोच्या मॅडम करणार होत्या. याच मॅडमनी तिला कॉलेजात दात कसा उपटायचा ते शिकवलं होतं. त्या आता काम थांबवणार होत्या आणि त्यांच्याकडे येणारी सगळी लहान मुलं कुणातरी एका डॉक्टरच्या हाती सोपवणार होत्या. कुणाच्या, ते त्यांनी ठरवलं नव्हतं. उद्घाटनाला येऊन दवाखाना बघून त्या ठरवणार होत्या. बायको त्या दिवसाची वाट बघत होती आणि आरशासमोर उभी राहून 'या ना मॅडम' म्हणायचा सराव करत होती. आणि त्या दिवसाची भिंत माझ्या हातात होती!

आमची मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली, तेव्हा तिचा चित्रं काढायचा टॅब्लेट कपाटात ठेवून गेली होती. तो मी काढला. आत चित्रकलेचा प्रोग्रॅम होता. उघडला आणि ब्रशांची यादी खाली जाऊ लागली ती थांबेचना! पेन्सिल, खडू, कोळसा, शाई, तेलरंग, जलरंग, ओला जलरंग, फार ओला जलरंग... हा शेवटचा वापरायचा तर खाली फडकं धरावं लागतं की काय, असं मला वाटून गेलं.

मी खोड काढायला सुरुवात केली. ऑफिसात आमच्या तपासणीच्या कागदाखाली कार्बन घालून तीन प्रती काढाव्या लागतात. त्या सवयीनं टॅब्लेटचं पेन दाबलं, तर पडद्यावर तुळईएवढी रेघ उमटली! मुलीला फोन लावला.

"बाबा, दाबू नकोस. हलका हात ठेव. किती दाब दिलास ते पेनला कळतं."

"पेनला कळतं?"

"हो."

या घरात माझ्या मनातलं कळणारं कुणीतरी निघालं म्हणायचं!

मग हलक्या हातानं डावीकडे एक फांदी काढली. त्याच क्षणी उजवीकडे दुसरी फांदी आपोआप उगवली! मी पेन उचललं. तीही थांबली. मी गुपचूप वरच्या कोपऱ्यात एक ठिपका दिला. पलीकडच्या कोपऱ्यात ठिपका! मी टॅब्लेट उलटा करून मागे कोण आहे ते पाहिलं. मुलगी म्हणाली की मी आरशाचं बटण दाबून ठेवलंय. नंतर एका संध्याकाळी मी मन लावून सबंध खोड रंगवलं आणि पडद्यावर काहीच दिसेना.

"बाबा, ओपॅसिटी किती ठेवलीयस?"

"शून्य."

"म्हणजे रंग पूर्ण पारदर्शक आहे."

"मग मी संध्याकाळभर केलं काय?"

"व्यायाम," ती म्हणाली.

पण मी हटणारा नव्हे! खोड जमलं. खरंच जमलं. जाड, गाठींचं, भरदार. प्रश्न उरला पानांचा. एकेक पान हातानं काढायचं म्हणजे मॅडमऐवजी त्यांची नातवंडंच उद्घाटनाला आली असती. मुलीनं युक्ती सांगितली.

"स्वतःचा ब्रश बनव. खऱ्या पानाचा फोटो काढ, तो प्रोग्रॅमला दे. तो त्या पानाचा शिक्का करतो. मग तू नुसतं पेन फिरवलंस की पानंच पानं! फक्त पान पांढऱ्याशुभ्र कापडावर ठेव. पांढरं असतं ते प्रोग्रॅम गाळून टाकतो, गडद असतं ते ठेवतो."

रविवारची दुपार होती. बाल्कनीतल्या कुंडीतलं एक पान खुडलं आणि पांढरं कापड शोधू लागलो. पलंगावर उशांना नवेकोरे पांढरे अभ्रे होते. एका उशीवर बायको झोपली होती. दुसरी माझी. माझ्या उशीवर पान ठेवलं, खटकन फोटो काढला. आणि तेवढ्यात शेजारच्या उशीवरून तो आवाज आला.

माझी बायको घोरते. हे मी लग्नापासून म्हणतोय आणि ती लग्नापासून नाकारतेय. "मी घोरत असते, तर मला ऐकू आलं नसतं का?" असा तिचा सवाल असतो आणि सासूबाई या सवालाला मान डोलावतात. पुरावा नाही म्हणून मी आजवर हरत आलोय. आणि इथे साक्षात पुरावा माझ्यासमोर पहुडला होता! मान मागे, तोंड सताड उघडं, आतून दुसऱ्या मजल्यावर अडकलेली लिफ्ट ओढल्यासारखा आवाज! मी खटकन तोही फोटो काढला आणि पाय न वाजवता बाहेर आलो.

आता माझ्या डोळ्यांविषयी. लांबचं मला उत्तम दिसतं. गल्लीच्या टोकाशी वळणाऱ्या बसचा नंबर मी इथून वाचतो. जवळचं वाचताना अलीकडे हात जरा आखूड पडतात, एवढंच. डोळ्यांच्या डॉक्टरनं जवळचा चष्मा दिलाय, पण तो वय झालेल्या माणसांनी लावायचा असतो. माझा ड्रॉवरमध्ये आहे.

तर प्रोग्रॅमनं विचारलं, कुठला फोटो? समोर नखाएवढे दोन चौकोन. दोन्हींत पांढरी उशी, दोन्हींत मधोमध काहीतरी गडद. मी आत्मविश्वासानं एकावर बोट ठेवलं. ब्रश तयार! हिरवा रंग घेतला, पेन टेकवलं. थप्! पान! गोलसर, मधे एक भोक. मला तर गहिवरून आलं. प्रोग्रॅमनं पानावरची कीडसुद्धा सोडली नव्हती! खरं पान असंच असतं, कुणीतरी कुरतडलेलं!

मग मात्र मला आवरणं अशक्य झालं! 'विखुरणे' नावाचं बटण होतं, ते दाबलं की पानं इकडे-तिकडे उडत पडायची. 'फिरवणे' दाबलं की उलटी, सुलटी, आडवी, तिरकी! थपथपथपथप! मी शिट्टी वाजवत फांद्या भरल्या. चार पानं वाऱ्यावर सोडली, ढीगभर जमिनीवर पाडली. पुढच्या फांदीवर साइज वाढवून ताटाएवढी पानं लावली आणि हौसेनं त्यांच्यावर दवाचे थेंबही काढले. त्या दुपारी मी इतका खूश होतो की चहा गार झालेलाही मला कळला नाही.

खोलीच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या बायकोला टॅब्लेट दाखवला. तिचे दोन्ही हात खोक्यातल्या उपकरणांत अडकले होते.

"अय्या! अहो, हे तुम्ही काढलंत? खरंच सुंदर आहे!" ती म्हणाली. "आणि मी तुम्हाला उगाच बोलले."

लग्नानंतर हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

सासूबाईंनी मात्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, हे झाड झोपल्यासारखं का वाटतंय?"

"शांत आहे ते! शांतच हवंय!"

चित्र छापायला दिलं. छपाईवाल्याचा फोन आला.

"साहेब, ती पानं... तशीच छापायची?"

"तशीच!"

"नाही, म्हणजे तुम्हाला माहीत आहे ना, पानांत काय आहे ते?"

"भोकं आहेत. मुद्दाम ठेवलीत!"

पलीकडे त्यानं मशीन बंद केल्याचं ऐकू आलं.

"बाईंना चालणार आहे?"

"बाईंना दाखवलंय. त्या जाम खूश आहेत!"

"मग प्रश्नच मिटला," तो म्हणाला. "पण साहेब, मानलं तुम्हाला. आमच्या घरी आम्ही एक साधा फोटोसुद्धा लावला नाही."

कलेची कदर असलेला माणूस! मी त्याचे आभार मानले.

उद्घाटनाच्या सकाळी कागद चिकटवणारा आला. बायको आतल्या खोलीत औजारं मांडत होती आणि मी तिला बाहेर बघायची बंदी घातली होती. चित्रावर पडदा लावायचा, मॅडमनी दोरी ओढायची आणि सगळ्यांनी एकदम 'आहा' म्हणायचं, असा माझा बेत होता. शिडीवरचा माणूस मधेच थांबला. बायको त्याला पाणी द्यायला दारापर्यंत आली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं आणि शिडीवरून उतरून तिला नमस्कार केला.

"एवढं काय आहे तिथे?" तिनं मला विचारलं.

"संध्याकाळी कळेल!" मी म्हणालो.

संध्याकाळी खोली भरली. बायकोच्या जुन्या इस्पितळातले डॉक्टर आले, शेजारीपाजारी आले. सासूबाईंनी मोक्याची खुर्ची पकडली. मग मॅडम आल्या. ठेंगण्या, ताठ. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघायची त्यांना सवय. मी हसलो तर म्हणाल्या, "खालचे नीट घासत जा."

त्यांच्याबरोबर एक चिमुरडी आणि तिची आई होती. ही मुलगी मॅडमची पेशंट. तिची दाढ किडलेली होती, पण दवाखान्यात पाऊल टाकलं की ती जे ओठ मिटायची ते घरी जाऊनच उघडायची. मॅडमनी गोष्टी सांगितल्या, फुगे दिले, रागावून पाहिलं. उपयोग शून्य. दवाखान्यात तिचं नाव 'कुलूप' पडलं होतं. आताही कुलूप आईच्या मांडीवर बसलं होतं, ओठ गच्च.

"बघ, तुला जमतंय का," मॅडम माझ्या बायकोला म्हणाल्या. हीच परीक्षा होती, हे सगळ्यांना कळलं. बायकोचा चेहरा उतरला.

मॅडमनी दोरी ओढली. पडदा सरकला. आणि खरंच सगळे एकदम म्हणाले, "आहा!"

काय सांगू! खोलीच्या या टोकाहून काय दिसत होतं ते झाड! भिंतभर पसरलेलं, हिरवंगार, डेरेदार! टाळ्या पडल्या. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, तिचे डोळे भरले होते. मी छाती काढून उभा राहिलो.

मॅडम झाडाजवळ गेल्या. गळ्यात लटकणारा चष्मा डोळ्यांवर चढवला. ताटाएवढ्या पानाजवळ तोंड नेलं.

"हं," त्या म्हणाल्या. मग शेजारच्या पानाजवळ गेल्या. "हं." मग बोट टेकवून म्हणाल्या, "वरची, उजवीकडची मागून दुसरी दाढ. हे फिलिंग माझ्या हातचं आहे."

कुणाला काही कळेना. मॅडम वळल्या आणि माझ्या बायकोच्या तोंडाकडे पाहू लागल्या.

"अगं, तू हॉस्टेलवरून रडत आली होतीस, तेव्हा मी भरली होती ही दाढ. ही तूच आहेस!"

बायको भिंतीजवळ गेली आणि पुतळ्यासारखी उभी राहिली. मीही गेलो. जवळून मला नुसतं हिरवं धुकं दिसत होतं.

"काय झालं? छान आहे ना?" मी म्हणालो.

"चष्मा," बायको म्हणाली. तिचा आवाज फार हळू होता. मॅडमनी आपला चष्मा काढून माझ्या नाकावर ठेवला.

आणि मला माझी बायको दिसली! फांदीवर बायको! फांदीखाली बायको! उलटी बायको, आडवी बायको, वाऱ्यावर गिरक्या घेणारी बायको, जमिनीवर ढीगभर गळून पडलेली बायको! सगळ्या हिरव्यागार, सगळ्या झोपलेल्या, सगळ्यांची तोंडं सताड उघडी! आणि पुढच्या फांदीवर, ताटाएवढ्या आकारात, मी हौसेनं काढलेले ते दवाचे थेंब नेमके कुठून ओघळत होते, तेही आता स्पष्ट दिसलं.

"माझी मुलगी माहेरी असताना कधी अशी झोपली नाही!" सासूबाई खुर्चीतून ओरडल्या. "हे सगळं लग्नानंतरचं आहे!"

"अगं, मी पानच निवडलं होतं," मी म्हणालो. "कुंडीतलं. उशीवरचं. दोन उशा होत्या आणि..."

बायको रागावली असती तर बरं झालं असतं. तिची हनुवटी थरथरत होती. इतकी वर्षं तिनं या दिवसाची वाट पाहिली होती, आणि ज्या बाईसमोर तिला शहाणं दिसायचं होतं, तिच्याच समोर मी तिला हजारो वेळा लाळ गाळताना उभी, म्हणजे आडवी, केली होती!

"मॅडम, माफ करा," ती कशीबशी म्हणाली. "मी उद्याच हे सगळं फाडून..."

मॅडमनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यातून शब्दाऐवजी जांभई बाहेर आली.

लांबलचक, खणखणीत जांभई! त्यांनी तोंडावर हात धरला. तोवर इस्पितळातल्या एका डॉक्टरनं जांभई दिली. मग शेजारणीनं, मग तिच्या नवऱ्यानं. एवढी उघडी तोंडं समोर असताना माणसानं करावं तरी काय? सासूबाई "काय हा मूर्खपणा आ... आ... आऽऽ" करत खुर्चीत मागे रेलल्या. खोलीभर 'आऽऽ' चा गजर झाला. मीसुद्धा पश्चात्ताप करता करता दोन जांभया दिल्या.

आणि कुलूप? ती आईच्या मांडीवर भिंतीकडे एकटक बघत होती. तिचे ओठ थरथरले. तिनं ते आणखी आवळले. नाकपुड्या फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं, मानेची शीर ताठ झाली. आणि मग कुलूप उघडलं!

"आऽऽऽऽ!"

दोन डॉक्टर एकदम झेपावल्या! मॅडमनी मान वाकवली, बायकोनं खिशातून छोटी बॅटरी काढली, दोघींची डोकी एकमेकींवर आपटली.

"खालची डावी!"

"दिसली मॅडम! फार खोल नाही! भरता येईल!"

मुलीच्या लक्षात आलं आणि ती तोंड मिटणार, एवढ्यात तिनं जवळून बायकोचा चेहरा पाहिला, मग भिंत पाहिली.

"डॉक्टरकाकू, तू झाडावर झोपलीस?" तिनं विचारलं, आणि जी हसायला लागली! तोंड मिटणार कसं! "ही पण तू? आणि ही उलटी पण तू? तू खाली पडलीस!"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. झाडाकडे पाहिलं. तिची हनुवटी पुन्हा थरथरली, आणि मग तीही फुटली! बॅटरी हातात धरून ती जमिनीवर बसून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मीही हसणार होतो, पण तिनं तसं बघितल्यावर थांबलो.

"या भिंतीला हात लावायचा नाही," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "मी इतकी वर्षं 'आ कर, आ कर' म्हणून घसा कोरडा केला. सोमवारपासून माझी सगळी मुलं तुझ्याकडे पाठवते."

सगळे गेल्यावर बायको पेशंटच्या खुर्चीत पाय पसरून बसली. मी मुकाट्यानं कप गोळा केले, केर काढला, न सांगता दोनदा. सासूबाई जांभया देत घरी गेल्या होत्या.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "उद्यापासून जवळचा चष्मा लावीन."

"आजपासून," म्हणत तिनं पर्समधून माझा चष्मा काढून दिला. तो तिनं केव्हापासून बरोबर ठेवला होता, कुणास ठाऊक.

तिचा राग गेलेला पाहून मला जरा धीर आला. आणि धीर आला की मी थांबत नाही, हा माझा जुना आजार आहे.

"पण एक झालं," मी म्हणालो. "आता तरी मान्य कर. साऱ्या गावासमोर सिद्ध झालं. तू घोरतेस!"

तिनं शांतपणे खुर्ची सरळ केली.

"भिंतीवर काय दिसतंय?"

"तू. तोंड उघडं टाकून झोपलेली."

"तोंड उघडं आहे, मान्य. घोरणं कुठे आहे?"

मी चष्मा लावून भिंतीजवळ गेलो. पुढची फांदी तपासली, मागची तपासली, गळून पडलेल्याही बघितल्या. शेवटी कुणी बघत नाहीसं पाहून कागदाला कानही लावला.

हजारो बायका होत्या हो. पण एकही घोरत नव्हती.